फळ्यावरून पुसलेली नेहमीची

तीर्थस्वरूप दादांस,

हौदाच्या शिडीवरून खाली उतरून, हात धुऊन, चष्मा पुसून साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष साष्टांग घालण्याजोगी कोरडी फरशी आपल्या ब्रुअरीत गेल्या पंचवीस वर्षांत कधी नव्हती आणि आजही नाही, हे तुम्ही जाणताच. तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असं समजावं आणि आशीर्वादही मनातल्या मनातच द्यावा.) गुडघे कसे आहेत? गुडघ्यांना हवापालट हवा म्हणून धाकट्या भावाकडे जातो असं सांगून तुम्ही गेलात, त्याला आता आठ महिने झाले. एवढ्या हवेत गुडघेच काय, सबंध माणूस पालटून जाईल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आहे आणि आवाज त्याहून उत्तम आहे. माझी कंबर जिथल्या तिथे आहे, फक्त एकदा वाकली की परत यायला वेळ घेते. मालकीणबाई, म्हणजे तुमची कन्या, याही बऱ्या आहेत. ती तुमची चौकशी करत नाही. म्हणजे माझ्याकडे करत नाही. आत्याला मात्र रोज विचारते की गोळ्या वेळेवर घेतात का, आणि आत्याने 'कोण गं?' असं विचारलं की लगबगीने विषय बदलते. तुम्हीही फोनवर 'ती जेवते ना नीट?' असं विचारता आणि नाव काही घेत नाही. बापलेक आठ महिने तिसऱ्याच्या तोंडाने बोलताहेत, आणि ते तिसरं तोंड तुमच्या बहिणीचं असल्यामुळे प्रत्येक निरोपाला वाटेत चांगली खमंग फोडणी बसते. असो.

त्या मंगळवारची गोष्ट मी पुन्हा उगाळणार नाही. (थोडी उगाळतो, कारण पुढचं रामायण सगळं तिथूनच सुरू होतं.) ब्रुअरीच्या चाव्या तुम्ही आपल्या हाताने लेकीला दिल्यात, 'आता तू बघ' म्हणालात, आणि ती खरोखरच बघायला लागली, एवढीच काय ती तुमची तक्रार. त्या मंगळवारी ती स्टुलावर चढली आणि ओल्या फडक्याने तिने फळ्यावरची पहिली ओळ पुसली. ती ओळ म्हणजे नेहमीची. तांबूस, जरा कडवट, दोन ग्लास घेऊनही माणूस आपल्या पायांनी घरी जाईल अशी साधी सरळ बिअर. पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही आणि मी ती पहिल्यांदा उकळली तेव्हा तिला नाव सुचलं नव्हतं. समोरचा न्हावी दुकान बंद करून यायचा आणि 'नेहमीची द्या' म्हणायचा (आपल्याकडे दुसरी नव्हतीच, तरी म्हणायचा), म्हणून तुम्ही खडूने फळ्यावर तेच लिहिलंत. पुढे आपण दुसऱ्याही पुष्कळ केल्या, पण ब्रुअरी ओळखली गेली ती या एकीच्या नावाने. आणि तीच ओळ पोरीने पुसली. तुम्ही चष्मा काढलात, तो आधीच स्वच्छ होता तरी पुसलात, छत्री घेतलीत आणि गेलात. तुमचे गमबूट दारामागच्या खुंटीला तसेच राहिले. ते तुम्ही मुद्दाम ठेवलेत की विसरलात, यावर आमच्या घरी अजून दोन पक्ष आहेत.

पोरीची बाजूही मी ऐकून घेतली. तिचं म्हणणं असं की, हल्लीचं गिऱ्हाईक एकच बिअर दुसऱ्यांदा पीत नाही. ते ग्लासाचा फोटो काढतं, फोनमध्ये कसली तरी खूण करतं आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारतं, आज नवीन काय? ज्या बिअरने आपल्याला ओळख दिली तिलाच आता कोणी ओळख दाखवत नाही. नेहमीचीचं पिंप पूर्वी दोन दिवसांत संपायचं, आता नऊ दिवस रेंगाळतं. तेव्हा छोट्या ब्रुअरीला अशी एक मानाची बिअर हवीच कशाला? जागा अडते, हौद अडतो. तुमचं म्हणणं, ज्या घरात एक गोष्ट रोज तशीच्या तशी मिळते त्याच घरात माणूस दुसऱ्या नव्या गोष्टीला हात लावायला धजतो. एक तरी बिअर अशी हवी की जिच्यावर डोळे मिटून हात ठेवावा. मला दोघांचंही पटत होतं. (हा माझा जुना आजार. तुमची बहीण म्हणते, ह्यांना जो शेवटी बोलेल त्याचं पटतं, आणि आमच्या घरात शेवटी कोण बोलतं ते तुम्हाला ठाऊक आहे.)

तर तुम्ही गेल्यावर दर आठवड्याला एक नवीन बिअर असा कारभार सुरू झाला. नवीन म्हणजे किती नवीन, ते तिकडे गादीवर बसून तुम्हाला कळायचं नाही. काकडीची झाली. मिरचीची झाली. एक धुराची झाली, ती पिऊन चौकातल्या खानावळीचा मालक म्हणाला की चूल पेटली नसताना चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं, आणि ही स्तुती की निंदा ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नावंही तशीच. 'निळा गुरुवार', 'उद्याचं आभाळ', 'मांजराची डुलकी'. मी हौद धुता धुता विचारलं, की बये, यात मांजर कुठे आहे, तर म्हणाली आतोबा, नाव समजायचं नसतं, वाटायचं असतं. मला काहीच वाटलं नाही, पण माझं वय झालं. अननसाच्या बिअरचे डबे भरले तेव्हा मी एकदा म्हणालो होतो की फळाची साखर आत राहिली आहे, यीस्ट डब्यातही जिवंत आहे, ते तिथे बसून खातच राहणार. कोण ऐकतो? चौथ्या दिवशी फळीवरचे डबे वरून खालून असे फुगले की जेवणावळीतून उठलेली वऱ्हाडी मंडळीच रांगेने बसली आहेत असं वाटावं. सातवा डबा मी मोजत असताना फुटला. छतावरचा तो पिवळा डाग अजून गेलेला नाही. माझ्या भुवयांचा वास मात्र दोन दिवसांत गेला.

या सगळ्यात बिचाऱ्या न्हाव्याचे फार हाल झाले. पहिल्या संध्याकाळी तो आला, स्टूल ओढलं आणि सवयीने म्हणाला, नेहमीची. पोरीने त्याला अतिशय प्रेमाने फळ्यावरच्या बाकीच्या अकरा बिअरी समजावून सांगितल्या. कशात काय आहे, कशाचा शेवट आंबट आहे, कशाचा शेवट लांबट आहे. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, बरं, मग नेहमीची द्या. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिसऱ्या फेरीला तो ग्लासभर पाणी प्यायला आणि घरी गेला. त्यानंतर कित्येक महिने तो आलाच नाही. मी केस कापायला गेलो तेव्हा त्याने ब्रुअरीचा 'ब्रु' काढला नाही, फक्त कानामागे वस्तरा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

आणि माझं काय झालं म्हणाल, तर माझी अवस्था अशी की नऊ जातींच्या धान्याची अर्धी अर्धी पोती जिन्याखाली साठलेली, प्रत्येक पोत्याला वेगळा उंदीर, दर सोमवारी नवीन कागद हातात, आणि तो कागद पाठ होईतो पुढचा सोमवार उजाडलेला. शाळा सोडून चाळीस वर्षं झाली, पण परीक्षा दर आठवड्याला. एक गोष्ट मात्र मी गुपचूप चालू ठेवली होती, ती तुम्हाला आज सांगतो. नेहमीचीचं यीस्ट मी मरू दिलं नाही. विरजण जसं रोजच्या दुधावर जगतं तसं ते दर खेपेच्या नेहमीचीवर जगत आलेलं. बिअर बंद म्हणजे तेही बंद. पंचवीस वर्षांचं ते, माझ्या हाताने मोरीत ओतवेना. मी ते स्टीलच्या डब्यात घालून थंड खोलीत मागच्या फळीवर ठेवलं, आठवड्याला थोडा साखरपाक देत राहिलो, आणि डब्यावर चिठ्ठी लावली: 'फरशीचा साबण. हात लावू नये.' आपल्या ब्रुअरीत फरशीच्या साबणाला माझ्याखेरीज कोणी हात लावत नाही, हे मला पुरतं माहीत होतं. पण डबा किती दिवस टिकणार? यीस्टला पाकावर नुसतं जगवता येतं, धष्टपुष्ट ठेवता येत नाही. त्याला काम लागतं. (तुमच्या गुडघ्यांनाही लागतं, पण तो विषय वेगळा.)

नवव्या आठवड्यात मालकीणबाई चार दिवस बिअरवाल्यांच्या कुठल्याशा मेळाव्याला गेल्या. जाताना माझ्या हातात कागद ठेवला: भाजलेल्या बीटाची बिअर. साठ किलो बीट मंगळवारी येईल, आतोबांनी ते भाजावं, किसावं आणि उकळीत घालावं. मंगळवारी टेम्पो आला. त्यातून साठ किलो मुळे उतरले. भाजीवाल्याला फोन केला तर म्हणतो, जमिनीखालचंच आहे ना, साहेब? आता सांगा, मी काय करायचं? पाणी तापलेलं, हौद रिकामा, दळलेलं धान्य तयार, आणि पुढ्यात मुळ्यांचा ढीग. मुळ्याची बिअर करावी असा विचार एक क्षणभर माझ्या मनात आला, हे मी कबूल करतो. पण मग माझ्या लक्षात आलं की मी विचार करत उभा आहे आणि हात केव्हाच कामाला लागले आहेत. अमुक पोतं अर्धं, तमुक पोतं सबंध, पाणी इथपर्यंत, हॉप्सच्या कडू फुलांची पहिली मूठ उकळी फुटल्यावर, दुसरी मी चहा पिऊन आल्यावर. डोकं म्हणत होतं, अरे थांब, हे चाललंय काय? हात म्हणत होते, तू गप्प बस, तुला काय कळतं त्यातलं. संध्याकाळी मी थंड खोलीत गेलो आणि फरशीच्या साबणाचा डबा घेऊन आलो. दादा, खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदा मी कागद न बघता दिवस काढला होता. मुळ्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका. तुमची बहीण अजून त्या विषयावर बोलत असते.

मालकीणबाई परत आल्या. बिअर तयार झाली. मी ग्लास भरून समोर ठेवला आणि दाराजवळ उभा राहिलो, म्हणजे वेळ आली तर पळायला बरं. तिने एक घोट घेतला. ग्लासाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे पाठ करून नाक शिंकरलं, आणि मेळाव्यात गारवा फार होता, सर्दी झाली म्हणाली. मग विचारलं, आतोबा, यात काय घातलंत? मी म्हणालो, काही नाही. (हे अक्षरशः खरं होतं. गेल्या दोन महिन्यांत काही न घातलेली ती एकच बिअर.) ती म्हणाली, बीट कुठे आहे? मी म्हणालो, जाणवणार नाही इतकं बारीक किसलं. यावर ती मिनिटभर छताकडे, त्या अननसाच्या डागाकडे बघत राहिली आणि म्हणाली, नाव काय ठेवायचं? माझ्यापुढे शिडी होती, मी म्हणालो 'शिडी'. तिने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं.

शिडी तीन दिवसांत संपली. पुढे दर पंधरा दिवसांनी कागद माझ्या आवाक्याबाहेर गेला की मी तेच केलं. दुसऱ्या खेपेला समोर बादली होती, म्हणून 'बादली'. तिसऱ्या खेपेला मी दारामागे टॉवेल घ्यायला गेलो होतो, तिथे खुंटीला तुमचे गमबूट दिसले. म्हणून 'गमबूट'. लोक म्हणाले, काय खोल नाव आहे! ते निवृत्त मास्तर आठवतात ना, प्रत्येक बिअरला वहीत गुण देणारे? त्यांनी शिडीला आठ दिले, बादलीला सहा दिले आणि वर शेरा मारला, 'घसरण'. गमबूटला साडेनऊ, 'संत्र्याच्या सालीचा सूक्ष्म आभास'. दादा, तिन्ही एकच! एकाच डब्यातल्या यीस्टच्या, त्याच दोन पोत्यांतल्या, एकाच म्हाताऱ्याच्या हातच्या! संत्रं मी आठ महिन्यांत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग एके दिवशी न्हावी आला. मी न विचारता गमबूट पुढे ठेवली. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, वा, याला म्हणतात बिअर, नाहीतर ती तुमची जुनी, शेवटी शेवटी अगदीच पाणचट झाली होती. मला त्याला मिठी मारावी की त्याचाच वस्तरा त्याच्यावर चालवावा हे कळेना. आता तो रोज येतो आणि 'गमबूट द्या' म्हणतो. ज्या माणसाने बिअरचं बारसं केलं त्याला तिची ओळख पटू नये, म्हणजे माणसाच्या जिभेवर किती भरवसा ठेवायचा याचा विचार मी सध्या फार करतो. फळ्यावर नाव नवं असलं की जीभही नवी होते, असं माझं मत बनत चाललं आहे.

आणि आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की नवीन बिअरी होत राहतील, पण गमबूट आता बारा महिने राहणार. फळ्यावर पहिल्या ओळीत. का, तर खानावळीच्या मालकाला दर आठवड्याला तीच हवी आहे, गिऱ्हाईक आल्याबरोबर तिचं नाव घेतं, आणि (हे तिचे शब्द, मी फक्त पोचवतो) 'एक तरी बिअर अशी हवी की जिच्यावर डोळे मिटून हात ठेवावा.' मी शिडीवर होतो. पडलो नाही एवढंच. म्हणजे बघा दादा, वादात तुम्ही जिंकलात, बिअरही तुमचीच जिंकली, आणि लोकांच्या लेखी नेहमीचीला धूळ चारली ती गमबूटने! असा निकाल कुठल्या कोर्टात लागला नसेल. मला आनंद झाला, लाज वाटली आणि भूक लागली, सगळं एकदम. चोरी माझी, वाहवा तिची, आणि जिच्या नावाने सगळं उभं राहिलं ती बिचारी नेहमीची परक्या नावाने आपल्याच घरी नांदते आहे.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. गमबूट उकळायच्या दिवशी पोरगी सकाळी सातलाच येते आणि चहाचा कप घेऊन जिन्यात बसून राहते. कप रिकामा झाला तरी उठत नाही. माझ्यावर पाळत ठेवते आहे, दुसरं काय? मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. ती बसली की मी मोठ्याने म्हणतो, आता टाकतो हं तो गुप्त मसाला, आणि रिकामा डाव हौदावर तीनदा झटकतो. कृतीच्या कागदावर मी सगळे आकडे उलटे लिहून ठेवतो. ग्लास बदलला, लेबल बदललं, हौदसुद्धा डावीकडचा सोडून उजवीकडचा घेतला. सापडण्यासारखं मी काही म्हणून ठेवलेलं नाही.

सोबत छापील निमंत्रण आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ब्रुअरीला पंचवीस वर्षं होतात, दुपारी चार वाजता सगळी मंडळी जमतील. निमंत्रण पोरीने स्वतः पाकिटात घातलं. तुमचं नाव लिहायला तिने चार कार्डं फुकट घालवली. एकावर 'श्रीयुत', एकावर 'बाबा', एकावर नुसताच डाग, आणि चौथं तिने मला दाखवलं नाही. शेवटी पाचव्यावर काहीच न लिहिता दिलं. तेव्हा त्या कोऱ्या जागेत तुम्हाला जे वाचायचं असेल ते वाचा, पण या. तुमच्याशिवाय पंचविसावं वर्ष साजरं करायचं म्हणजे मला तरी ते खरं वाटणार नाही. गुडघ्यांसाठी खालीच खुर्ची ठेवतो, जिना चढायला लावत नाही. वहिनींच्या माघारी तुम्ही या पोरीला एकट्याने वाढवलंत, ती तुमच्यासारखीच हट्टी निघाली यात तिचा काय दोष? घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना त्यांच्या त्यांच्या वागणुकीप्रमाणे आशीर्वाद.

तुमचा,
ओल्या फरशीवरचा मेहुणा

ता. क. शनिवारी पोरगी सगळ्यांसमोर पहिला ग्लास तुमच्या हातात देणार आहे, गमबूटचा. आता खरं काय ते लिहितो. वरचं सगळं एवढ्यासाठीच लिहिलं. तुमची जीभ मला माहीत आहे. पहिल्याच घोटाला तुम्ही ग्लास उंच धराल आणि आपल्या त्या हौदात घुमणाऱ्या आवाजात ओरडाल, 'अरे, ही तर आपली नेहमीची!' आणि तिथेच पोरीचं तोंड उतरेल. या आठ महिन्यांत तिने एकच गोष्ट स्वतःची म्हणून उभी केली, ती बापाचीच निघाली, आणि तीही आतोबाने फसवून गळ्यात मारलेली. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, माझ्या कंबरेने राजीनामा केव्हाच दिलेला आहे. पण ती पोर पुन्हा मान वर करून त्या फळ्यापुढे उभी राहणार नाही. तेव्हा हात जोडून विनंती, की घोट घ्यावा आणि तोंड वाकडं करावं. 'बरी आहे, पण नेहमीचीची सर नाही' एवढं म्हटलंत तरी पुरे. ती चिडेल, तुम्ही चिडाल, दोघं एकमेकांशी भांडाल, म्हणजे बोलाल तरी!

ता. क. दोन. तोंड वाकडं करण्याचा सराव आतापासून करावा. खोकल्याचं औषध चांगलं. आरशासमोर करावं. तुम्हाला आवडलं की तुमची डावी भुवई वर जाते, तिच्यावर विशेष लक्ष ठेवावं.

ता. क. तीन. हे पत्र वाचून लगेच फाडून टाकावं. ही गोष्ट जगात फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुमच्या बहिणीलासुद्धा मी पत्ता लागू दिलेला नाही. पाकीट चिकटवायला तेवढं तिच्याकडे देतो आहे, माझे हात हॉप्सने चिकट झाले आहेत.

दादा, मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, आणि पत्र वाचल्याशिवाय पाकीट चिकटवण्याची आपल्या आईने आपल्याला सवय लावलेली नाही. ह्यांचं सगळं खरं आहे, एक सोडून. पोरीला पहिल्याच घोटाला संशय आला होता. दुसऱ्या खेपेला खात्रीच झाली. हे नाव बदलतात, ग्लास बदलतात, रिकामे डाव झटकतात, पण हौद उकळतो तेव्हा सगळ्या जिन्यात वास पसरतो, तो कसा बदलणार? पंचवीस वर्षं त्या वासात राहून ह्यांना तो येईनासाच झाला आहे. पोरगी मला म्हणाली, आत्या, शाळेतून आले की बाबांच्या शर्टाला हाच वास असायचा, आता घरात कुठेच येत नाही गं, तेवढ्यासाठी मी सातला जाऊन बसते. आणि खूप रडली. आपल्या हाताने पुसलेली ओळ परत आपल्याच हाताने लिहायला तिला जड जात होतं, ह्यांनी आयती वाट काढून दिली. ते गमबूट ती दर रविवारी खुंटीवरून काढून पुसते आणि परत तिथेच लावते. तेव्हा तोंडबिंड वाकडं करू नकोस, तुला जमणारही नाही. शनिवारी ती तुला विचारेल, बाबा, काय घेणार? खडू आणि फडकं घेऊन ती फळ्याशीच उभी असेल. तू फक्त नेहमी जे म्हणतोस ते म्हण.

आणि ह्यांना यातलं काही कळवू नकोस. जन्मात पहिल्यांदा एक गुपित पोटात राहिलं म्हणून स्वारी फार खूश आहे.